वाचक हवा, विषय न कळणारा

३ मार्च

ही वही खरं तर थेंबांची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलीच्या डोळ्यात कोणता थेंब किती वाजता घातला ते लिहून ठेवा, चुकवू नका. पानाच्या डाव्या अंगाला थेंब लिहिले की उजवं अंग रिकामं राहतं, आणि चांगला कागद रिकामा गेलेला मला बघवत नाही. म्हणून हे.

मुलगी म्हणजे माझी नात, भिंगरी. खरं नाव दुसरं आहे, पण पाय फुटल्यापासून एका जागी कधी थांबली नाही म्हणून भिंगरीच. एकोणीस वर्षांची घोडी झालीय. आणि तीच आता पलंगावर पालथी पडून आहे, उशीच्या भोकात तोंड घालून. उजव्या डोळ्यातला आतला पडदा सुटला होता. तो चिकटवून आत कसल्याशा वायूचा बुडबुडा भरलाय, म्हणून दहा दिवस तोंड जमिनीकडे. झोपताना, बसताना, जेवताना, सगळं खाली बघून. डावा डोळा जन्माचाच अधू, त्याने ती माणूस ओळखते, अक्षर नाही.

परीक्षा नऊ एप्रिलला. धातू आणि पदार्थांचा अभ्यासक्रम, पहिलं वर्ष. ही परीक्षा पास झाली तर चाचणी प्रयोगशाळेतली जागा तिची. तिथे लोखंड ताणून, ठोकून, तोडून बघतात म्हणे, आणि त्याचा पगार देतात! नाही झाली तर यादीतल्या पुढच्याला बोलावतील. परत परत कोणी थांबत नाही.

वाचून कोण दाखवणार? मुलगा मालगाडीवर, पंधरा दिवसांनी घरी. सून पावाच्या कारखान्यातून येते ती उभ्या उभ्या झोपलेली. राहिले मी. चौथी शिकलेली. अक्षर लावून लावून वाचते, पण वाचते.

४ मार्च

आज सुरुवात केली. पुस्तक उशीएवढं जाड, नुसते सरावाचे प्रश्न. आधी भौतिक, मग रसायन, मग पदार्थ. शेवटी सगळ्यांची उत्तरं. उत्तरं देऊनच टाकलीत तर विचारता कशाला, असं मला वाटलं, पण मी बोलले नाही.

भिंगरी उशीत तोंड घालून ऐकते, आकडे सांगते, मी कॅल्क्युलेटरची बटणं दाबते आणि मागे बघून जुळलं की नाही ते सांगते. मजा येते! पहिला अर्धा तास एका ठिकाणी अडखळले. दहाच्या खांद्यावर एवढासा तीन बसलेला. मी वाचलं, "दहा, आणि त्याच्या कडेवर तीन."

उशीतून हसू आलं. कालपासून पहिल्यांदा.

"आजी, म्हणजे दहा तीन वेळा घेऊन गुणायचे. हजार."

"मग हजार लिहायला काय धाड भरली होती?"

"पुढे त्याच्या कडेवर तेवीस येणार आहे, तेव्हा तूच आभार मानशील."

सहा प्रश्न झाले. पाच जुळले. मला ओ की ठो कळलं नाही, पण जुळलं की आनंद होतो, तो कळण्यावर कुठे अवलंबून असतो?

६ मार्च

पुस्तक लिहिणारा हुशार असेल, पण थापा फार मारतो. एक पेटी उतरत्या फळीवरून घसरते. बरं. पुढे म्हणतो, फळी आणि पेटी यांच्यात घर्षण नाही असे समजा. कसं समजू? घरं बदलताना मी जन्मभर पेट्या ढकलल्या आहेत, कमरेला विचारा. दुसरीकडे तापलेला लोखंडाचा गोळा भांड्यातल्या पाण्यात टाकला, आणि भांडे उष्णता घेत नाही असे समजा. मग मी फडक्याने काय उगाच धरते? तिसऱ्या ठिकाणी तर दोरीला वजनच नाही!

मी अशी वाक्यं गाळते. आजारी पोरीच्या कानात खोटंनाटं कशाला घालायचं? वेळही वाचतो. तिला सांगितलं नाही, उगाच पुस्तकावरचा विश्वास उडायचा.

७ मार्च

आज मी रागावले, आणि रागावून बरं झालं.

दुपारी मी ताटं विसळत होते, आत आले तर भिंगरी उताणी! छताकडे बघत, हात डोक्याखाली घेऊन.

"पाचच मिनिटं आजी. मान मोडली माझी."

सकाळीच मी तिला वाचून दाखवलं होतं, लाकूड पाण्यावर का तरंगतं, तेल वर का येतं, किती भाग बुडतो. ते माझ्या डोक्यात तसंच घोळत होतं. मी म्हटलं, "अगं, तो बुडबुडा हलका. डोळ्यात पाणी. हलकं नेहमी वर येणार. तू पालथी असलीस तर वर म्हणजे डोळ्याची मागची बाजू, तिथेच तो फाटका पडदा आहे, त्याला बुडबुडा आतून दाबून धरतो. उताणी झालीस की बुडबुडा पुढे आला आणि मागे पडदा पडला उघडा. पाच मिनिटं काय, तुझ्यासाठी तो काय वेगळा वागणार आहे?"

ती हळूच पालथी झाली. मग उशीतून म्हणाली, "हे तुला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं?"

"कोणी नाही सांगितलं. त्या नुसत्या 'पालथं ठेवा' म्हणाल्या. मला काय कळतंय त्यातलं."

"बरं," म्हणाली. त्यानंतर दिवसभर हलली नाही.

१० मार्च

आज मात्र माझं डोकं पार चक्रावलं. भिंगरी म्हणते, थेंबांपुरती मान सरळ केली की तिला बुडबुडा खाली दिसतो. काळी गोल कड, हलली की डुचमळते, आणि खाली.

मी घाबरले. वर असायला हवा तो खाली कसा गेला? ती म्हणाली, "आजी, डोळ्यात चित्र उलटंच पडतं. वरचं खाली दिसतं. वर आहे म्हणूनच खाली दिसतोय."

म्हणजे आपल्या सगळ्यांच्याच डोळ्यात सगळं उलटं? जन्मभर? आणि मला कोणी सांगितलं नाही? मी सुनेला विचारलं, ती म्हणाली, "हो आई, शाळेत होतं." काय शांतपणे म्हणाली! मी जिन्यावरून उतरताना कठडा धरून उतरले.

१३ मार्च

डॉक्टरीणबाईंनी डोळा बघितला. पडदा बसलाय. आता बसायला उठायला मोकळी, फक्त उताणं झोपायचं नाही आणि वाचायचं नाही. दोन महिने तरी बारीक अक्षर दिसणार नाही म्हणाल्या. जाड लेखणीने मोठं लिहिता येईल.

मी आनंदात होते, पण भिंगरी नाही. भूक मेली असेल म्हणून पेज दिली, अर्धी ठेवली.

गणितं जुळत नाहीत. आज नवातली दोन जुळली. विचारते, "आजी, भांड्याचं वजन दिलंय?" नाही ग. "ते कशाचं आहे?" तेही नाही. "मग त्याने किती उष्णता घेतली ते कसं काढायचं?" मी काय सांगणार? म्हटलं, तू भांडं तांब्याचं धर, तांब्याची चांगली असतात. तिने धरलं, वजनही काहीतरी धरलं. मागचं उत्तर निराळंच.

"सगळ्यांना सुटतात," म्हणाली. "पुस्तकात आहे म्हणजे सुटतच असणार. मलाच दिसत नाहीये."

मी म्हटलं, डोळा बरा झाला की दिसेल. त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी पेजेची वाटी घेऊन आत गेले.

१७ मार्च

लिहावंसं वाटत नाही, तरी लिहिते.

भिंगरी परीक्षेतून नाव मागे घेणार आहे. वीस तारखेपर्यंत कळवलं तर पुढच्या वर्षी बसू देतात. पण जागा जाईल.

"मला प्रत्येक प्रश्नात भोक दिसतं आजी. पूर्वी नव्हतं तसं. पूर्वी वाचलं की पुरा वाटायचा. आता वाटतं काहीतरी कमी आहे. भूल दिली ना, त्यात डोक्याचं काहीतरी झालं."

"काही झालं नाही. तू पूर्वीसारखीच आगाऊ आहेस."

हसली नाही. तिला धीर यावा म्हणून मी आणखी भरभर वाचलं, फापटपसारा सगळा टाळून नुसते आकडे आणि प्रश्न. तरी एकही जुळलं नाही. मी देवाला काही मागत नाही सहसा, पण आज त्या पुस्तकाला हात जोडले.

१८ मार्च

माझ्या तोंडून कधी निघेल असं वाटलं नव्हतं, पण घसा बसला हे फार बरं झालं.

आवाजच फुटेना. सून म्हणाली, आज मी वाचते, शेवटचा दिवस तरी नीट बसू. कोपऱ्यात स्टुलावर बसली, कारखान्याच्या पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवयांसकट, आणि परवाचंच गणित वाचलं. तापलेला गोळा, पाणी, आणि मग धडधडीत वाचलं, "भांडे उष्णता घेत नाही असे समजा."

भिंगरी ताठ झाली. "काय? परत वाच."

सुनेने परत वाचलं.

"हे कुठून आलं?"

"इथे आहे की. दुसऱ्या ओळीत."

"आजी."

मी घशाकडे बोट दाखवलं, बोलता येत नाही म्हणून.

"आजी, हे तू वाचलं नव्हतंस."

मी सुनेच्या हातातून पुस्तक घेतलं आणि एकेक दाखवलं. हे, हे आणि हे. मग कसाबसा आवाज काढून म्हटलं, "खोटं आहे ते सगळं. घर्षण नाही, हवा नाही, वजन नाही. तुझ्या कानावर कशाला घालू?"

सुनेने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मला वाटलं रडते, तर खांदे हलत होते. आणि भिंगरी! आधी तिच्या डोळ्यात पाणी आलं, मग ती उठली आणि पलंगाला वळसा घालून चालायला लागली, भराभरा, पूर्वीसारखी. "म्हणजे भोक होतं! खरंच होतं! मला बरोबर दिसत होतं!"

मला रागवायचं सोडून ती नाचत होती. मला अजून नीट समजलेलं नाही. माझ्यामुळे पोरीने इतके दिवस स्वतःला खुळं समजलं, एवढं मात्र समजलं, आणि ते फार लागलं.

१९ मार्च

नाव मागे घेतलं नाही.

सकाळी मी तिची माफी मागितली. ती माझ्या मांडीवर डोकं टेकून, तोंड खाली करूनच, म्हणाली, "ते खोटं नाही ग. चार अडचणी एकदम आल्या की माणूस गांगरतो. म्हणून म्हणायचं, ह्या तिघी जरा बाजूला बसा. एक सोडवायची. ती सुटली की दुसरीला बोलवायचं. भांड्याची उष्णता पुढच्या धड्यात घेतातच."

"आम्हाला संसारात कोणी अशी सवलत दिली नाही," मी म्हटलं. "सगळ्या एकदमच यायच्या, आणि बरोबर पाहुणे घेऊन."

आता मी सगळं वाचते. टिंबसुद्धा सोडत नाही. 'आकृती पाहा' हेही वाचते, मग ती म्हणते बघ आणि सांग, मग मी बघते आणि सांगते. आज बारातली अकरा जुळली. बारावं चुकलं ते बटण मी चुकीचं दाबलं म्हणून.

२६ मार्च

परीक्षा कार्यालयातून पत्र आलं. ज्यांना दिसत नाही त्यांना प्रश्नपत्रिका वाचून दाखवायला एक माणूस आणता येतो. त्याला वाचक म्हणतात. अट एकच, वाचकाला विषयाचं ज्ञान नसावं. म्हणजे खाणाखुणा करून सांगायला नको. वाचक तपासायचा आहे, तीन एप्रिलला आणून दाखवा.

सून शाळेत शास्त्र शिकलेली, ती बाद. भिंगरीच्या मैत्रिणी स्वतः परीक्षेला, त्या बाद. पत्र तीनदा वाचून झालं आणि मग दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं.

मी काय सांगू, मला किती आनंद झाला! आजवर न शिकल्यामुळे मी कुठे कुठे मागे राहिले त्याची यादी मोठी आहे. न शिकल्यामुळे कोणी बोलावतंय असं आयुष्यात पहिल्यांदाच. मी म्हटलं, माझ्याइतकी लायक बाई त्यांना शोधून सापडणार नाही.

२९ मार्च

आज पदार्थांचा भाग. तार एकाच जागी पुढेमागे वाकवत राहिलं की ती आधी कडक होते आणि मग तुटते. का, ते सांगा. मी म्हटलं, हे मला माहीत आहे, तुझे आजोबा असेच होते.

रसायनात बारा ग्रॅम कोळशात किती कण, तर सहा, आणि त्याला गुणायला दहाच्या कडेवर तेवीस. कबूल केल्याप्रमाणे आभार मानले. पण मोजले कोणी? आणि मोजताना मध्ये कोणी हाक मारली तर? भिंगरी म्हणते, मोजले नाहीत, तोलले. खिळे नाही का आपण नगावर न घेता वजनावर घेत? हे एकदम पटलं. मग परत पटेनासं झालं, कारण एक कण तरी आधी तोलायला लागेल ना? मी हे विचारलं तर म्हणाली, "आजी, हा प्रश्न दुसऱ्या वर्षाला आहे." आता बोला!

संध्याकाळी तवा तापून लाल व्हायच्या बेताला आला होता, तो गडबडीत धुण्याच्या बादलीत बुडवला. केवढा चर्र आवाज! वाटलं पाणी कढत झालं असणार. हात घातला तर जेमतेम कोमट. मग आठवलं, लोखंड पाण्याच्या नवव्या हिश्शाइतकीच उष्णता धरतं. म्हणजे नुसता आरडाओरडा, पोटात फार काही नाही. तव्याचं वजन नऊने भागलं की झालं तेवढंच पाणी समजायचं. हा माझा सोपा मार्ग, पुस्तकात असा नाही. त्यामुळे बरोबर नसणार.

३ एप्रिल

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. लांब खोली, कपाटांच्या रांगा, खिडकीपाशी टेबल, त्यामागे परीक्षाबाई. माझ्या मुलाच्या वयाची, चष्मा साखळीला. सभ्य बाई. मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"आजी, शिक्षण किती?"

"चौथी. तीही पुरी नाही, परीक्षेच्या वेळी गोवर निघाला."

"यातलं काही कळतं का?"

"काही म्हणजे काहीच नाही बाई. विचारा वाटल्यास."

त्या हसल्या. शिक्का उचलून शाईच्या गादीवर ठेवला. भिंगरी बाजूला उभी होती, तिने माझा खांदा दाबला. परीक्षाबाई म्हणाल्या, फक्त वाचता किती स्पष्ट ते बघू, आणि एक कागद दिला.

मी खणखणीत वाचलं. "दोनशे ग्रॅम वजनाचा लोखंडाचा तुकडा शंभर अंशांपर्यंत तापवून पाचशे ग्रॅम पाण्यात टाकला. पाण्याचे तापमान वीस अंश होते. अंतिम तापमान काढा."

"छान. स्वच्छ वाचता."

तिथेच उठायचं होतं! तिथेच उठून नमस्कार करून चालू पडायचं होतं. पण कागद उलटून बघितला, मागे काही नव्हतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "बाई, हा प्रश्न अपुरा आहे. भांड्याचं काय समजायचं ते लिहायचं राहिलंय."

त्यांनी चष्मा लावला. भिंगरीने खांदा परत दाबला, या वेळी नखं लागली. मला वाटलं, शाबासकी.

"म्हणजे?"

"म्हणजे भांडं उष्णता घेत नाही असे समजा, हे हवं. मी आधी ते गाळत असे, त्यात पोरीचा जीव जायची वेळ आली. आता कुठे राहिलेलं दिसलं की मला चैन पडत नाही. आणि लोखंड किती उष्णता धरतं तेही दिलं नाही. पण ते एक वेळ चालेल. ते पाण्याचा नववा हिस्सा."

"मग उत्तर काय येईल, अंदाजे?" परीक्षाबाईंनी हळूच विचारलं. आवाज एकदम मऊ झाला होता.

"आजी," भिंगरी म्हणाली.

"थांब ग, बाई विचारताहेत. दोनशे ग्रॅम लोखंड म्हणजे बावीस ग्रॅम पाणीच की. आता बावीस ग्रॅम उकळतं पाणी पाचशे ग्रॅम गार पाण्यात ओतलं तर काय दिवे लागणार? तीन-साडेतीन अंश चढेल फार तर. तेवीस धरा."

परीक्षाबाईंनी एका चिठोऱ्यावर काहीतरी लिहिलं, गुणलं, भागलं. मग शिक्का गादीवरून उचलून डबीत परत ठेवला.

"तेवीस पूर्णांक तीन," म्हणाल्या. "आजी, मला वाईट वाटतं. मी तुम्हाला वाचक म्हणून घेऊ शकत नाही."

"का? नीट वाचलं नाही?"

"नीटच वाचलं." त्यांनी अर्जावर लिहिलं आणि मला वाचायला दिलं. 'वाचकास विषयाचे ज्ञान असल्याचे आढळले. सबब नामंजूर.'

मी म्हटलं, बाई, कोणाच्या तरी अर्जाशी घोटाळा झालाय. मी चौथी नापास आहे हो. मला काही येत नाही, मी शपथेवर सांगते. हिला विचारा. भिंगरी, सांग ना!

भिंगरी भिंतीला टेकून उभी होती. हसत होती की रडत होती देव जाणे, त्या डोळ्याला दोन्हीची मनाई आहे. परीक्षाबाई म्हणाल्या, परवापर्यंत दुसरं कोणी आणा, मी थांबते.

जिन्यात मी म्हटलं, "माझ्या तोंडाला कुलूप लावायला हवं होतं." ती म्हणाली, "हो." मग चार पायऱ्या उतरून परत म्हणाली, "तेवीस पूर्णांक तीन!" आणि मला मिठी मारली, भर जिन्यात. मी केलेल्या घाणीबद्दल मिठी का, ते कळलं नाही. सहा दिवसांवर परीक्षा आणि वाचक नाही.

४ एप्रिल

खालचा शिंपी मिळाला! पाचवी शिकलेला, वाचतो टेप लावल्यासारखं, न कमी न जास्त. दुकान एक दिवस बंद ठेवीन म्हणाला. "आजीबाई, तुमच्या नातीचा पहिला झगा मी शिवला."

मी लगेच त्याची परीक्षा घेतली. "उष्णता म्हणजे काय?"

"इस्त्री."

"दाब?"

"तोही इस्त्रीचाच."

मला इतकं बरं वाटलं!

५ एप्रिल

शिंपी पास! परीक्षाबाईंनी त्याला तेच गणित वाचायला दिलं. वाचून त्याने कागद घडी करून परत दिला आणि विचारलं, "झालं?" शिक्का ठाप्पकन बसला. मी दाराबाहेर उभी होते. मला आत येऊ दिलं नाही.

७ एप्रिल

शिंप्याला शिकवतेय. कडेवरचे आकडे कसे वाचायचे, खाली बसलेले कसे, बाण आला तर काय म्हणायचं. आणि 'समजा' गाळायचं नाही, एकही नाही. गडी चौकस निघाला, हीच पंचाईत. मध्येच विचारतो, "पण आजीबाई, तार तापली की लांब का होते?"

"विचारू नका! कळेल ना!"

"कळलं तर काय बिघडलं?"

"कळलं की माणूस नामंजूर होतो. माझं तसंच झालंय."

तो परत वाचायला लागतो, पण डोळ्यांवरून कळतं, विचार करतोय. परवापर्यंत टिको म्हणजे मिळवली.

९ एप्रिल

परीक्षा झाली. मी बाहेर बाकावर बसले होते, तीन तास. दार बंद. आतून शिंप्याचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत, पण चाल कळायची. वाक्य संपताना तो जरासा थांबायचा, मग भिंगरीचं 'हं'. एकदा बराच वेळ 'हं' आलाच नाही. मी उठले, बसले, परत उठले. पहाऱ्यावरच्या माणसाने मला दुसऱ्या बाकावर बसवलं, दारापासून लांब.

शिंपी आधी बाहेर आला, घामाने निथळत. "आजीबाई, एक अक्षर कळलं नाही," म्हणाला छाती काढून. मला त्याचा थोडा हेवा वाटला. खोटं कशाला लिहू?

मग भिंगरी. "एक सोडून सगळी जमली."

"कोणतं?"

"पोलादी कांडी. दोन भिंतींत दोन्ही टोकं पक्की बसवलेली. तापवली. तिच्यावर ताण किती ते काढा. मी लांबी किती वाढते ते काढत बसले आणि पुढे जाताच येईना. तीनदा वाचून घेतलं."

"अगं, दोन्हीकडून भिंती आहेत तर ती वाढेल कशी?" मी म्हटलं. "वाढायचं होतं तेवढं सगळं आतल्या आत दाबलं जाणार. जेवढी वाढली असती तेवढीच दाबली असं समजायचं आणि तो जोर काढायचा. लांबी उत्तर नव्हेच, ती नुसती वाटेतली पायरी."

भिंगरी माझ्याकडे बघत राहिली. तिचा उजवा डोळा अजून लाल आहे, बुडबुडा आता वाटाण्याएवढा राहिलाय म्हणे. ती माझ्या शेजारी बाकावर बसली.

"बरं झालं तुला आत घेतलं नाही."

"का ग?"

"तू गप्प बसली नसतीस."

मी म्हणणार होते, बसले असते. पण विचार केला तर खरं आहे. निदान खोकले असते. तिसऱ्यांदा वाचताना 'दोन्ही टोकं' यावर आवाज चढवला असता, आपोआप. मग तिचं सगळंच गेलं असतं. म्हणजे परीक्षाबाईंनी ओळखलं ते बरोबर? मी तेवढी वाईट बाई आहे?

२ मे

पास झाली! शंभरात त्र्याण्णव! प्रयोगशाळेतून पत्र आलं, पंधरा तारखेला हजर व्हा. सून कारखान्यातून पळत आली, मुलाने कुठल्याशा फलाटावरून फोन केला, त्याला गाडीच्या आवाजात ऐकूच येईना, मी चारदा ओरडून सांगितलं, सबंध आळीला कळलं. शिंप्याने दुकानाच्या दारातूनच विचारलं, "पण ती तार लांब का होते, आता तरी सांगाल?" मी त्याला तासभर सांगितलं. बिचाऱ्याचं एक गिऱ्हाईक परत गेलं.

भिंगरीला आता मोठं अक्षर दिसतं. गुणपत्रिका तिने स्वतः वाचली, नाक लावून, एकेक ओळ. त्या कांडीच्या गणिताचे पुरे सात गेले, बाकी एकही नाही.

मी म्हटलं, जाऊ दे, सात गेले तर गेले.

ती म्हणाली, "गेले कुठे? ते तुझे."

मी संध्याकाळपासून यावर विचार करतेय. तिला मिळाले नाहीत, मला कोणी दिले नाहीत, कागदावर कुठे लिहिलेले नाहीत. मग माझे कसे? परत विचारलं तर नुसती हसते आणि म्हणते, मागच्या पानावर उत्तर नाही याला.